शांतिनिकेतनचा सूचनाफलक

विद्यापीठातील वार्ता म्हटली म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे प्रथम काय उभे राहते? हिरव्या बनातीने मढवलेला, काचेच्या दारामागे कुलपात ठेवलेला एक सूचनाफलक. त्यावर परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत असते, मुदत टळल्यास भरावयाच्या दंडाची रक्कम असते. कोणा परगावच्या विद्वानाचे व्याख्यान, आंतरमहाविद्यालयीन सामने, स्नेहसंमेलनाची वर्गणी, असे एकावर एक टाचलेले कागद असतात. विद्यार्थी तेथे घटकाभर थांबतो, आपल्यापुरते काय आहे एवढे पाहतो आणि पुढे जातो. महिन्याभराने शिपाई ते कागद उतरवतो. पुढच्या वर्षी तेच कागद नव्या तारखा लेवून परत येतात. यात वाईट काही नाही. एवढा मोठा व्याप चालवायचा म्हणजे सूचना हव्यातच. पण या वार्तांना वार्ता म्हणावे असे त्यांत फारसे काही उरत नाही, हेही खरे.

आज मी आपल्याला ज्या विद्यापीठाच्या वार्ता सांगणार आहे, तेथेही असा फलक आहे. बंगालच्या वीरभूम जिल्ह्यातील बोलपूरजवळचे शांतिनिकेतन हे विश्वभारती विद्यापीठाचे स्थान. १९५१ सालच्या संसदेच्या कायद्याने विश्वभारती केंद्रीय विद्यापीठ झाले. त्याचे कुलपतिपद पंतप्रधानांकडे असते आणि तेथे त्यांना ‘आचार्य’ म्हणतात. पहिले आचार्य पंडित नेहरू. तेव्हा प्रवेश, परीक्षा, नेमणुका हे सारे तेथेही यथासांग आहे. परंतु त्या कागदांच्या पलीकडे आणखी एक सूचनापत्र तेथे चालते. ते टाचावे लागत नाही, कारण ते बंगाली पंचांगातच आहे. आषाढी एकादशी अमुक दिवशी आहे, तरी वारकऱ्यांनी उपस्थित राहावे, असे पत्रक आपल्याकडे कोणी काढत नाही. दिंड्या आपोआप निघतात. शांतिनिकेतनचे वर्ष तसे आहे. पौषाच्या सातव्या दिवशी काय, श्रावणाच्या बाविसाव्या दिवशी काय, हे तेथल्या बालवर्गातील मुलालाही ठाऊक असते.

आणि गंमत अशी की, हा प्रत्येक नेमाचा दिवस मुळात एक ताजी घटना होती. कोणी तरी काही तरी केले, कोणी आले, कोणी गेले. आणि त्या दिवसाची बातमी पुढे वर्षानुवर्षांची रीत झाली.

आरंभ पौषापासूनच केला पाहिजे. रवींद्रनाथांचे वडील महर्षी देवेंद्रनाथ ठाकूर यांनी १८४३ साली पौषाच्या सातव्या दिवशी ब्राह्म धर्माची दीक्षा घेतली. पुढे वीस वर्षांनी, १८६३ साली, बोलपूरच्या उजाड तांबड्या माळावरची वीस बिघे जमीन त्यांनी घेतली. त्या माळावर सातविणीची झाडे होती. बंगालीत तिला ‘छातिम’ म्हणतात आणि संस्कृतात सप्तपर्णी. त्या झाडांच्या सावलीत महर्षी ध्यानाला बसत. ती जागा ‘छातिमतला’ या नावाने आजही राखलेली आहे. १८८८ साली त्यांनी त्या जागेचे विश्वस्तपत्र केले, आणि त्यात एक कलम असे घातले की, येथे दरवर्षी एक मेळा भरवावा. त्या मेळ्यात मूर्तिपूजा नसावी, बीभत्स करमणूक नसावी. मद्य आणि मांस सोडून कोणत्याही वस्तूचा व्यापार चालावा. निर्गुणाची उपासना करणाऱ्या माणसाने आपल्या एकांताच्या जागेत, कायद्याच्या भाषेत, बाजार भरवण्याची तरतूद करून ठेवावी, हे मला फार विलक्षण वाटते. आसपासच्या गावांतील माणसे आल्यावाचून आपला आश्रम पुरा होत नाही, असेच त्यांच्या मनात असले पाहिजे.

सात पौषाला १८९१ साली तेथील काचेचे उपासनामंदिर उघडले आणि १८९४ पासून मेळा भरू लागला. १९०१ साली रवींद्रनाथांनी पाच विद्यार्थ्यांनिशी आपली शाळा काढली, तीही सात पौषालाच. पुढे १९१८ साली विश्वभारतीचा पाया घातला आणि १९२१ साली ती लोकांच्या स्वाधीन केली, त्या दोन्ही वेळी दिवस होता आठ पौषाचा. म्हणजे मेळा विद्यापीठापेक्षा वयाने सत्तावीस वर्षांनी मोठा आहे. विद्यापीठाने उत्सव सुरू केला असे येथे झाले नाही. चालत्या जत्रेत विद्यापीठ येऊन दाखल झाले.

आजच्या पंचांगाप्रमाणे हा दिवस बहुधा डिसेंबरच्या तेविसाव्या तारखेला येतो. पहाटेच्या अंधारात सनई वाजते, मुले-मुली गात गात आश्रमातून फेरी घालतात, छातिमतल्याला उपासना होते. आणि मग दिवस उजाडताच मैदानावरचे व्यवहार सुरू होतात. बाउलांचा एकतारा, संथाळांचे ढोल, ओतीव पितळेची डोकरा कारागिरी, कांथ्याची शिवण, मातीची भांडी, खजुराच्या रसाचा गूळ. आठ पौषाला विश्वभारतीचा स्थापनादिन, नऊ पौषाला दिवंगत आश्रमवासीयांचे स्मरण, आणि नाताळच्या दिवशी त्याच काचेच्या मंदिरात ख्रिस्तोत्सव. तो १९१० पासून चालू आहे.

पौष संपला की फेब्रुवारीच्या सहाव्या तारखेला श्रीनिकेतनचा उत्सव येतो. शांतिनिकेतनपासून दीडदोन मैलांवर, सुरूल गावी, रवींद्रनाथांनी १९२२ साली लेनर्ड एल्महर्स्ट या इंग्रज तरुणाच्या साहाय्याने ग्रामोद्धाराचे काम उभारले, त्याचा तो वर्धापनदिन. गावकऱ्यांच्या शेतमालाचे व हातकामाचे प्रदर्शन हा त्यातला मुख्य भाग.

त्यानंतर मार्चची दहावी तारीख. ही मात्र बंगाली पंचांगातली नाही, आणि हिच्याशी आपल्या पुण्याचाही संबंध आहे. १९१४ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमाची मुले भारतात आली, तेव्हा रवींद्रनाथांनी त्यांना शांतिनिकेतनात आसरा दिला. त्या वेळी काकासाहेब कालेलकर तेथेच होते आणि संस्कृत शिकवण्यास हातभार लावीत होते. १९१५ च्या फेब्रुवारीत गांधीजी कस्तुरबांसह तेथे आले. दोन दिवस होतात न होतात तोच पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निधनाची वार्ता आली. गांधीजी तातडीने पुण्यास निघाले. मार्चच्या आरंभी ते परत आले, तेव्हा त्यांची आणि रवींद्रनाथांची भेट झाली. आणि मग या पाहुण्याने यजमानांच्या मुलांना आणि शिक्षकांना एक सूचना केली. पगारी आचारी आणि नोकर कशाला हवेत? स्वयंपाक, भांडी, झाडलोट आपली आपण का करू नये?

कवींनी संमती दिली, मुलांनी उचल खाल्ली. कोणी भाजी चिरू लागले, कोणी धान्य निवडू लागले, कोणी स्वयंपाकघराच्या भोवतालची घाण काढू लागले. पियर्सनसाहेब तर देहभान विसरून राबत. गांधीजींनी आत्मकथेत एक नोंद करून ठेवली आहे. भांडी घासणाऱ्या तुकडीचा शीण हलका व्हावा म्हणून काही विद्यार्थी त्यांच्यापुढे बसून सतार वाजवीत! साबरमतीला हे घडले नसते. सतार वाजवणारे हातही राखेत घालावेत, असेच तेथे ठरले असते. दोन आश्रमांच्या स्वभावांतला सारा भेद मला त्या सतारीत दिसतो.

प्रयोग दहा मार्चला सुरू झाला, दुसऱ्याच दिवशी गांधीजी पुढच्या प्रवासाला गेले, आणि तो फार काळ टिकला नाही. सामान्य संस्था अशा फसलेल्या प्रयोगाची आठवण बुजवून टाकते. शांतिनिकेतनने त्याचा वार्षिक दिवस केला. ‘गांधी पुण्याह’ या नावाने दहा मार्चला तेथील सेवकवर्गाला विश्रांती मिळते आणि झाडू विद्यार्थी व अध्यापक हाती घेतात. वर्षाचा एक दिवस झाडून काय होणार, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस तेच काम करणाऱ्या माणसाची आपल्या विद्यापीठांत एरवी कोणत्या फलकावर नोंद होते?

वसंतोत्सवाची कथा त्याहून करुण आहे. १९०७ साली श्रीपंचमीला, म्हणजे आपल्या वसंतपंचमीला, रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने काही सोबती जमवून ऋतूंचा एक खेळ उभा केला. मुले ऋतूंची सोंगे घेऊन आली. मोठ्यांनी कौतुक केले असेल आणि विसरूनही गेली असतील. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंगेर येथे पटकीने शमी गेला. पुरी अकरा वर्षेही त्याला झाली नव्हती. आणि तिथी तीच, ज्या तिथीला पाच वर्षांपूर्वी त्याची आई गेली होती. पोराचा खेळ मात्र राहिला. पुढे तो दोलपौर्णिमेला आला, वासंती रंगाची वस्त्रे ल्यालेल्या मुलामुलींच्या नृत्याची मिरवणूक झाला, आणि साऱ्या देशात प्रसिद्ध झाला. मिरवणूक पाहायला जाणाऱ्यांपैकी शमीचे नाव किती जणांना ठाऊक असते, कोण जाणे.

वैशाखाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, नववर्ष. रवींद्रनाथांचा जन्मदिवस खरा पंचवीस वैशाखाचा. पण त्या सुमारास वीरभूमच्या माळावर उन्हाचा असा कहर असतो आणि विहिरी अशा तळ गाठतात, की उन्हाळ्याची सुट्टी आधीच द्यावी लागे. तेव्हा कवींच्या हयातीतच, १९३६ पासून, वाढदिवस पहिल्या वैशाखालाच उरकून घेण्याची रीत पडली. महाकवीचा जन्मदिवस पाण्याच्या टंचाईपुढे तीन आठवडे अलीकडे ओढला गेला, यात आपल्या दुष्काळी मुलखातल्या माणसाला तरी नवल वाटू नये. १९४१ सालच्या त्याच पहिल्या वैशाखाला त्यांचे ‘सभ्यतार संकट’ हे अखेरचे मोठे भाषण क्षितिमोहन सेन यांनी वाचून दाखवले. कवी समोर बसले होते. अंगात वाचण्याचे त्राण नव्हते. चार महिन्यांच्या आत, श्रावणाच्या बाविसाव्या दिवशी, ते गेले.

हा बावीस श्रावण तेथे कसा पाळतात? शोकसभेने नव्हे, झाड लावून. वृक्षारोपणाचा हा सोहळा मूळचा १९२८ च्या जुलैचा. सूनबाई प्रतिमादेवी यांच्या कुंडीतले एक बकुळीचे रोप कवींनी मागून घेतले, नंदलाल बसूंनी सजावट केली, मुलींनी गाणी म्हटली, शास्त्रीबुवांनी संस्कृत श्लोक म्हटले. आपल्या कुंडीतल्या बकुळीच्या वाट्याला केवढे भाग्य आले, हे कवींनी सूनबाईंना पत्राने मोठ्या मिस्किलपणे कळवले. त्याच प्रसंगी त्यांनी ‘बलाई’ ही नवी गोष्ट वाचली. एका शेवरीच्या झाडावर भावासारखी माया करणाऱ्या मुलाची ती गोष्ट. आजही रोपाची पालखी निघते. पालखीवर ताडपत्राचे छत्र असते, आणि पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पंचमहाभूते मुलांच्या रूपाने रोपाबरोबर चालतात. झाड लावण्याचे कार्यक्रम आज आपल्याकडे उदंड होतात. बहुतेकांत पालखी पाहुण्याची असते आणि रोप कोणाच्या तरी काखेत. येथे मान रोपाचा.

दुसऱ्या दिवशी श्रीनिकेतनात हलकर्षण. १९२८ साली कवींनी स्वतः नांगर धरला. बैलांना माळा घातलेल्या, जमिनीवर आलपना रेखलेली, असा तो थाट ऐकला म्हणजे आपल्याला पोळाच आठवेल. फक्त पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू नसते आणि येथे मात्र नांगराचे तास प्रत्यक्ष निघते. नंदलालबाबूंनी १९३० साली हा प्रसंग श्रीनिकेतनच्या भिंतीवर चितारून ठेवला. याच नंदलालबाबूंनी पुढे १९३६ साली आपल्या खानदेशातील फैजपूरला, गांधीजींच्या सांगण्यावरून, ग्रामीण काँग्रेसचे अधिवेशननगर गावातल्याच बांबूंनी आणि तट्ट्यांनी उभारले. भिंतीवरचे हलकर्षण आणि फैजपूरचे मांडव ही मला एकाच वहीची दोन पाने वाटतात.

शरदात महालयेच्या दिवशी ‘आनंदबाजार’ भरतो. तेथे विद्यार्थी आपल्या हातचे पदार्थ आणि वस्तू विकतात आणि मिळकत साहाय्यनिधीला देतात. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवशी कलाभवनाचा नंदनमेळा. नंदलालबाबूंचा जन्म तीन डिसेंबरचा. कलाभवनाचे विद्यार्थी व अध्यापक यांनी घडवलेल्या वस्तू तेथे माफक किमतीला मिळतात, आणि तो पैसाही विद्यार्थ्यांच्या अडीअडचणीला जातो. मग पुन्हा पौष.

येथवर सांगितले ते ऐकून असे वाटेल, की हे चक्र कधी अडखळत नाही. अडखळले आहे. १९४३ साली बंगालात भूकबळींची प्रेते रस्त्यावर पडत होती, तेव्हा मेळा भरला नाही. १९४६ साली दंगलींमुळे भरला नाही. हे दोन खंड कोणालाही समजतील असे आहेत. अलीकडचा खंड मात्र समजावून घ्यावा लागतो.

देवेंद्रनाथांना हवी होती ती भोवतालची माणसे आली, आणि मग येतच राहिली. आगगाड्या भरभरून आल्या, मोटारी आल्या, दुकानदार राज्याबाहेरून आले. तीन दिवसांचा मेळा लांबू लागला. धूर, कचरा आणि गोंगाट यांची तक्रार राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली, आणि मेळ्याची जबाबदारी शिरावर असलेल्या विद्यापीठाला त्याचे उत्तर द्यावे लागले. २०२० च्या ऑगस्टमध्ये विद्यापीठाने मेळ्याच्या मैदानाभोवती भिंत घालण्यास आरंभ केला. १७ तारखेला मोठ्या जमावाने येऊन बांधकाम आणि मैदानाचे एक फाटक पाडून टाकले. विद्यापीठाचे म्हणणे, मैदान आमचे आहे आणि त्याचे रक्षण आम्हालाच करायचे आहे. गावाचे म्हणणे, हे मैदान कधी बंद नव्हतेच. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयापर्यंत गेले.

त्या वर्षी साथीमुळे मेळा नव्हता. २०२१ आणि २०२२ सालीही विद्यापीठाने तो भरवला नाही. बोलपूरच्या लोकांनी गावात दुसऱ्या जागी आपला पर्यायी मेळा भरवला. २०२३ साली राज्य सरकारने पुढाकार घेऊन जुन्या मैदानावर मेळा भरवला, आणि २०२४ साली विद्यापीठ व शांतिनिकेतन न्यास यांनी तो पुन्हा आपल्या हाती घेतला. वसंतोत्सवाची तऱ्हा तीच. २०१९ साली लोटलेल्या गर्दीनंतर, आणि पुढच्या वर्षीच्या साथीनंतर, विद्यापीठाने तो आपल्या परिवारापुरता आणि होळीचा दिवस टाळून साजरा करणे पसंत केले. दरम्यान २०२३ च्या सप्टेंबरात युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्यामुळे पाहणाऱ्यांची ओढही वाढली आणि जपण्याची जबाबदारीही.

या वादात एका बाजूला न्याय आणि दुसऱ्या बाजूला अन्याय अशी सोपी वाटणी मला करता येत नाही. ज्या झाडाखाली वर्ग भरतो त्याच्या मुळांवर लाखो पावले पडू देऊ नयेत, हे अध्यापकाचे म्हणणे खोटे नाही. पण मेळा आधी आणि विद्यापीठ मागाहून, हेही खोटे नाही. विश्वस्तपत्रात मेळ्याचे कलम आहे. भिंतीचे असेल, असे महर्षींच्या वृत्तीवरून वाटत नाही. त्या खंडाच्या वर्षांत सर्वांत अधिक तोटा कोणाला झाला, तर शिलाई करणाऱ्या, माती भाजणाऱ्या आणि एकतारा घेऊन बसणाऱ्या माणसांना. विद्यापीठाच्या फलकावरची एक सूचना निघाली किंवा न निघाली, यावर वीरभूमच्या किती घरांची वर्षाची मिळकत अवलंबून असते, हे त्या चार वर्षांनी दाखवून दिले.

पु. ल. देशपांडे बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि ‘वंगचित्रे’ मधून त्यांनी ते मराठी वाचकांच्या घरात आणले. ते वाचून तिकडे जावेसे वाटणारे श्रोते पुष्कळ असतील. त्यांच्यासाठी एकदोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. हावड्याहून बोलपूर सुमारे शंभर मैल. आगगाडीने सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत पोचतो. पौषमेळ्याच्या दिवसांत राहण्याची सोय फार आधी करावी लागते. आणि मेळा यंदा कोठे, किती दिवस, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. पदवीदानाच्या सुमारास गेलात तर तेथे पदवीबरोबर सातविणीची पाने देण्याची प्रथा आहे, तिची चौकशी करा. या झाडाचे शास्त्रीय नाव ‘ॲल्स्टोनिया स्कॉलॅरिस’. त्यातले दुसरे पद विद्यार्थ्यावरून पडले, कारण पूर्वी याच्या लाकडाच्या फळ्या पाट्यांप्रमाणे लिहिण्यासाठी वापरत.

आणि झाडाखाली भरणारे वर्ग पाहायचे असतील, तर बुधवारी जाऊ नका. महर्षींच्या काळापासून उपासनेचा वार बुधवार असल्यामुळे तेथली साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते. रविवारी सारे वर्ग चालू असतात. बुधवारी सकाळी काचेच्या मंदिरात शुभ्र वस्त्रे नेसलेली मुले जमतात आणि गातात. ते ऐकायचे असेल, तर मात्र बुधवारीच जा.